ओट्याला हात लावायचा नाही

प्रिय सुशील,

काल तुझा फोन आला तेव्हा तुझे बाबा शेजारीच बसले होते, म्हणून मी नुसतं हं हं करत राहिले. त्याला होकार समजू नकोस. "आई, कोणाला विचारून घरासमोर ओटा बांधला?" असं तू विचारलंस, आणि उत्तराची वाट न पाहता सांगूनही टाकलंस की घर बांधणाऱ्या कंपनीची माणसं सोमवारी येतील, ओटा फोडून मलबा घेऊन जातील, बाबांना काही बोलू नकोस. तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे. ज्या जागेवर मी चाळीस वर्षं सडा टाकला, रांगोळी काढली, तिथे चार विटा रचायला मी कोणाची परवानगी काढायची होती? आणि विचारायचीच रीत असेल तर आधी तू सांग. हे घर तू कोणाला विचारून बांधलंस?

हे मी मुद्दाम हाताने लिहिते आहे. शेजारच्या इंदुताईंची नात अबोली याचे फोटो काढून तुला पाठवणार आहे. फोनवर तू अर्ध्या वाक्यात "आई, मीटिंग आहे" म्हणतोस आणि माझं उरलेलं वाक्य माझ्या तोंडातच राहतं. आज सगळी वाक्यं पूर्ण करणार आहे.

घर टर्नकी बांधून घेऊ असं तू म्हणालास, तेव्हा टर्नकी म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. तू समजावून सांगितलंस की आपण काहीच करायचं नाही. नकाशा कंपनीचा, विटा कंपनीच्या, रंग, पडदे, अगदी पायपुसणंसुद्धा कंपनीचं. आपण फक्त किल्ली फिरवायची आणि आत जायचं. या वयात तुम्हाला दगदग नको, म्हणालास. आम्हाला कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. मी तर प्रताप नगरातल्या चार बायकांना सांगत सुटले होते की आमचा सुशील सिंगापूरला बसून इथे घर बांधतो आहे. मग जुनं घर पाडलं आणि आमची रवानगी कामठीला, तुझ्या ओमप्रकाशमामाकडे झाली. लग्नघरात म्हाताऱ्या माणसांना मागच्या खोलीत बसवतात ना, तसं आम्हाला बसवलं. तिथे मामा-मामीने काही कमी केलं नाही, पण आमच्याच घराचं काम चालू आणि आम्हीच दुसऱ्याच्या दारात, हे बाबांच्या मनाला पटेना.

तुझ्या बाबांचा स्वभाव तुला ठाऊक आहे, निदान असायला हवा. जुनं घर त्यांनी एकदम बांधलं नाही. जमेल तशी एकेक खोली वाढवत गेले. मिस्त्री बदलले, पण तराई त्यांनी कधी दुसऱ्या कोणाला करू दिली नाही. सकाळी ऑफिसला जाण्याआधी आणि संध्याकाळी आल्याबरोबर, चहाच्याही आधी, हातात पाइप घेऊन नव्या भिंतीला पाणी. कॉलमला ओली पोती गुंडाळायची ती त्यांनीच. मिस्त्री विटा लावतो, पण भिंत पक्की होते ती मालकाच्या हातचं पाणी पिऊन, असं ते म्हणायचे. त्यावरून मी त्यांना पुष्कळ चिडवलं आहे की माझ्यापेक्षा तुम्हाला भिंतीची काळजी जास्त.

तर कामठीला गेल्यावर थोड्याच दिवसांत त्यांनी कापडी पिशवीत तो हिरवा पाइप गुंडाळून घातला आणि शेअर ऑटोने नागपूरला निघाले. उतरून पुढे बस, बसमधून उतरून उन्हात पायी. आपल्या फाटकाशी पोचले तर चौकीदाराने अडवलं. बाबांनी सांगितलं, तराई करायला आलो. तो त्यांना म्हणाला, "मालक त सिंगापूरले राह्यते बाबाजी. तुम्ही कोन?"

सुशील, यावर ते काय बोलले मला माहीत नाही. विचारलं तर सांगत नाहीत. पाइप घेऊन परत आले आणि पिशवी खुंटीला अडकवली. मी चौकीदाराला दोष दिला नसता, बिचाऱ्याला काय माहीत म्हणाले असते. पण दुसऱ्या दिवशी साइटवरच्या त्या दुर्गेशचा फोन आला. फार गोड बोलतो तो. म्हणाला, सरांनी कॅमेऱ्यात पाहिलं आणि सर बोलले की बाबांना आत सोडू नका, पडतील-बिडतील. म्हणजे तू पाहत होतास. बाप उन्हात फाटकाबाहेर उभा आहे हे तुला तिथे बसून दिसत होतं, आणि तू फोन केलास तो कंपनीला. याचा राग मी गिळला होता. आज ओकते आहे.

आता घराबद्दल. सुंदर आहे. येणारा जाणारा थांबून बघतो. पश्चिमेला ही मोठी काच लावली आहे, आणि सध्या नवतपा, मे अखेरचे ते नऊ तापलेले दिवस, सुरू आहे, त्यामुळे दुपारनंतर हॉलमध्ये पापड वाळवता येतील. कूलर बसवायला एकही खिडकी नाही. नागपुरात कूलरला खिडकी नसलेलं घर बांधणारा माणूस उन्हाळ्यात इथे राहिलेलाच नसणार. एसी लावला की बाबांचे गुडघे धरतात, म्हणून ते ऐन मे महिन्यात स्वेटर घालून बसतात आणि दूधवाला हसतो. स्वयंपाकघराला दार नाही. पाटोडीच्या रश्शाला फोडणी दिली की सोफ्यावर बसलेला माणूस शिंकतो. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, कारण वॉरंटी जाते, म्हणून कॅलेंडर गुंडाळून कपाटात ठेवलं आहे आणि चतुर्थी कधी ते मी अबोलीला विचारते. यातलं काहीही मी तुला आजवर सांगितलं नाही. घेणाऱ्याने देणाऱ्याचे दोष काढू नयेत असं आपल्याकडे शिकवतात. पण तू माझ्या ओट्याचा दोष काढलास, म्हणून सांगितलं. एलेव्हेशन, म्हणजे घराचं समोरून दिसणारं रूप, बिघडतं म्हणे. ज्यांना घराचं एलेव्हेशन बघायचं असेल त्यांनी रस्त्यावर राहावं, आम्ही आत राहतो.

वास्तुशांतीला तू आणि रितिका आलात, पाहुण्यांची गर्दी होती. बाबा नवा सदरा घालून खुर्चीत बसले होते आणि भेटेल त्याला सांगत होते, "घर चांगलं बांधलं मानसानं." तू किती खूश झालास. मीही झाले. ते 'माणसानं' का म्हणतात, सुशीलनं का म्हणत नाहीत, हे तेव्हा माझ्याही ध्यानात आलं नाही.

तुम्ही गेल्यावर घर रिकामं झालं आणि मग मला दिसायला लागलं. बाबा सकाळी उठले की चादरीची नीट घडी करून पायथ्याशी ठेवतात. स्वतःच्या घरात त्यांनी जन्मात कधी चादरीची घडी केली नव्हती, त्यावरून आमची भांडणं व्हायची. पंख्याचं बटण दाबायचं तर माझ्याकडे बघतात. जेवताना दुसरी पोळी वाढली की हात आडवा करतात, पुरे म्हणतात, आणि नंतर खोलीत येऊन मला हळूच विचारतात की काही खायला आहे का. एकदा मी कुरडया तळत होते तर घाईघाईने आत आले आणि दबक्या आवाजात रागावले, "लोकाच्या कढईत काहून तळून राहिली वं? विचारलं का त्यायले?" मला आधी हसू आलं. तुलाही आलं होतं. आठव, फोनवर त्यांनी तुला सांगितलं होतं की आम्ही बरे आहोत, मंडळी चांगली आहेत, काही कमी पडू देत नाहीत. बाबांचे विनोद अजून तसेच आहेत म्हणून तू हसलास. मी काही बोलणार तोवर तुझी मीटिंग सुरू झाली.

विसरणं कामठीलाच सुरू झालं होतं, चष्मा, औषधं, वार. वयाने होतं म्हणून मी सोडून दिलं. इथे आल्यावर एका संध्याकाळी ते भाजी आणायला गेले आणि परत आलेच नाहीत. इंदुताईंना दिसले ते आपल्याच फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे, पिशवी हातात धरून उभे. ऊन उतरलं तरी उभेच. इंदुताईंनी विचारलं तर म्हणाले, "नंबर त बरोबर हाय. घर कुठं गेलं?" इंदुताई मला हे सांगताना रडल्या, मी नाही रडले. मला राग आला होता. तुझा, कंपनीचा, त्या काचेचा, सगळ्यांचा. डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले की हा आजार घरामुळे झाला नाही, व्हायचाच होता. न्यायाने बोलायचं तर हे तुला सांगायलाच हवं. पण त्यांनी हेही सांगितलं की यांच्याभोवती ओळखीच्या वस्तू ठेवा. आणि मी घरभर शोधत फिरले. जुनी खाट, देवळी, सागाचं दार, बाबांची कपड्यांची खुंटी, सगळं कंपनीने मलब्यात दिलं होतं. तूच म्हणाला होतास, सगळं नवं घेऊ.

एवढ्या मोठ्या घरात ओळखीचं काही नाही म्हटल्यावर काय करायचं? जुन्या घरापुढचा ओटा कंपनीने फोडला तेव्हा इंदुताईंनी त्याच्या दोन शहाबादी फरश्या मागून नेल्या होत्या, धुणं आपटायला. त्या त्यांनी परत दिल्या. ताराचंद मिस्त्रीला बोलावलं आणि जुना ओटा होता तिथेच, फाटकाच्या उजव्या हाताला, तेवढाच उंच ओटा बांधायला लावला. दुर्गेशला कळवलं नाही. तुलाही कळवलं नाही, कारण तू नको म्हणाला असतास आणि मला ते ऐकायचं नव्हतं. विटांचं काम झालं आणि बाबा आतून आले. थोडा वेळ पाहत राहिले. मग सरळ खोलीत गेले, पलंगाखालून पिशवी ओढली आणि तो हिरवा पाइप काढला. मी सांगितलं नव्हतं, ताराचंदने सांगितलं नव्हतं. नळाला पाइप लावला आणि पाणी मारायला लागले. मी खुर्ची देते म्हटलं तर मलाच बाजूला सारलं. पुढे रोज सकाळ-संध्याकाळ, ओटा पक्का होऊन फरश्या बसल्या तरी चालूच. पाणीपट्टीची काळजी तू करू नकोस.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते, म्हणजे सोमवारी काय फोडलं जाणार आहे हे तुला कळेल. रोज दिवेलागणीला तुझे बाबा टोपी घालतात, पिशवी उचलतात आणि मला म्हणतात, "चाल वं, आता आपल्या घरी जाऊ. लय पाहुनपन झालं." निघताना रीत मोडत नाहीत. पाहुण्याने जाताना घरच्या लेकराच्या हातावर काहीतरी ठेवायचं असतं, म्हणून सदऱ्याच्या खिशातून घडी केलेली नोट काढतात आणि ती हातात धरून तुझ्या या सगळ्या खोल्यांतून फिरतात. वर जातात, गुडघे दुखतात तरी जातात. "या घरचं लेकरू दिसून नाही राह्यलं" म्हणतात. मग नोट परत खिशात ठेवून बाहेर येतात, आणि ओटा दिसला की थांबतात. फरशीवर हात फिरवतात, टोपी काढून मांडीवर ठेवतात आणि बसतात. त्यांच्या मनाने तेवढ्यात ते घरी पोचलेले असतात. इंदुताई येऊन बसतात, गप्पा होतात, आणि मी हाक मारली की निमूट आत येऊन झोपतात. तो ओटा गेला तर बाबा फाटकाबाहेर चालू लागतील, आणि कुठे जातील ते मला माहीत नाही. म्हणून कंपनीला आजच्या आज फोन कर. आलंच कोणी तर मी ओट्यावर बसलेली असेन, एवढंही सांगून ठेव. आणि तू ये. वॉरंटी, कॅमेरा, दुर्गेश, कोणाला मध्ये न घालता ये. सदरा धुवायला टाकताना ती नोट मी रोज काढते आणि धुतलेल्या सदऱ्यात परत ठेवते. या घरचं लेकरू तू आहेस, बाबू. संध्याकाळी त्यांच्यासमोर उभा राहा आणि हात पुढे कर.

वाट पाहणारी, रागावलेली, तरी तुझीच
आई