दोन्ही बाजूंनी लाल

रविवार, २ फेब्रुवारी

शिसारी आली! पाच पुरुष, पाच घडीच्या खुर्च्या, आणि पाचही जणांनी एकामागून एक तेच विचारलं — विमान कुणासाठी बघताय? मुलासाठी? मला मुलगा नाही. नवऱ्यासाठी? नवऱ्याला स्टुलावर चढून बल्ब बदलतानाही गरगरतं. माझ्यासाठी, म्हटलं. तर अशी तोंडं झाली जणू मी त्यांच्या डब्यात हात घातला.

दोन वर्षं मी या मंडळींना वरून बघतेय. साइटच्या मागचं मोकळं मैदान, रविवारची पाळी, क्रेनच्या केबिनमध्ये मी, आणि माझ्या पायांखाली फिरणारी त्यांची रिमोटची विमानं. त्यातलं एक बायप्लेन — एकावर एक दोन पंख, संथ, घाई नसलेलं. ते तेव्हापासून मनात बसलंय. या पाच जणांनी त्याचं फक्त पोट पाहिलंय. पाठ मी पाहिलीय.

आता मी खाली. साइटच्या स्टोअरमध्ये बसून हातमोजे आणि नटबोल्ट वाटते. कुणामुळे, तर पोपटमुळे!

सोमवार, ३ फेब्रुवारी

पोपट म्हणजे आमचा सिग्नलवाला. हिरवं जाकीट घालतो म्हणून सगळे पोपट म्हणतात. त्याचं काम एवढंच — खाली उभं राहायचं आणि भार कुठे न्यायचा ते हाताने दाखवायचं. माझ्याकडे पाठ करून उभा राहतो, म्हणजे त्याचं डावं तेच माझं डावं. घोटाळा व्हायला जागाच नाही. तरी या महाशयांनी केला! सतरा जानेवारीला डावा हात करायचा तो उजवा केला. मी भार उजवीकडे नेला, सळ्यांचा जुडगा थेट परांचीवर. गवंड्याने उडी मारली, मनगट मोडलं. जीव वाचला हे नशीब.

माझी नऊ वर्षं, त्याचे आठ महिने. कोणाचं खरं मानणार? सत्तावीस तारखेला चौकशीची शेवटची बैठक. ती झाली की मला केबिन परत, आणि पोपटला कुठल्याही साइटवर उभं करणार नाहीत. बरंच आहे. असली माणसं खाली नकोतच.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दुकानात गेले. दुकानदार दात कोरत होता आणि त्याच काडीने विमानं दाखवत होता. पहिलं फोमचं. नख लागलं तर खड्डा. गोंद शेंबडासारखा बाहेर आलेला. दुसरं लढाऊ, पंखावर दात विचकणारा जबडा चिकटवलेला, तोही तिरका. तिसरं त्याने स्वतःहून काढलं — शिकाऊ विमान, एकच पंख, वरती, पांढरं. दवाखान्याच्या भिंतीचा पांढरा! पहिलं विमान म्हणून सगळे हेच घेतात म्हणाला. पडलं तरी हरकत नाही, जोडता येतं. बायप्लेन पहिलं घेत नाहीत — दोन पंख, मधल्या दांड्या, जोडायला वेळ, मोडायला क्षण.

मी म्हटलं, पन्नास मीटरवरून सळ्यांचा जुडगा बादलीएवढ्या जागेत उतरवते मी. तर म्हणे, हो का, छान.

हो का, छान! अंगाचा तिळपापड झाला. काही न घेता आले.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज एकाने एकच हातमोजा परत आणला. दुसरा कुठे? म्हणे तो बरा आहे, तो ठेवलाय, हा बदलून द्या. हे ऐकायला मी नऊ वर्षं शिडी चढले.

रविवार, ९ फेब्रुवारी

परत मैदानात. ते संथ बायप्लेन पाच जणांतल्या सगळ्यात म्हाताऱ्याचं निघालं. निवृत्त दंतवैद्य. सगळे दातवाले म्हणतात. माणूस वाईट नाही, पण बोलताना माझ्या तोंडाकडे बघतो. किती दाढा गेल्या मोजत असावा. दात साफ करायच्या जुन्या आकड्यांनी विमानाच्या बिजागऱ्या साफ करतो! ते बघून मला मळमळलं.

त्यानेही आधी शिकाऊच घ्या म्हणून सांगून पाहिलं. मी नाही म्हटल्यावर वाद घातला नाही. मग म्हणाला, बायप्लेनच घ्यायचं तर निदान दोन रंगांचं बघा. वरून एक, खालून दुसरा, किंवा एका पंखाचं टोक वेगळं. लांब गेलं की नुसती आकृती उरते, येतंय की जातंय कळत नाही, आणि ते कळलं नाही की हात चुकतो.

हात चुकतो! हे मला! डावं-उजवं शिकवायला आता दातवाले उरले होते.

शिकवीन म्हणाला मात्र. दोन रिमोट वायरने जोडायचे, एक त्याच्या हातात, एक माझ्या. माझं बिघडलं की तो खटका दाबून विमान आपल्याकडे घेणार. म्हणजे मी हातात खुळखुळा धरून उभी राहणार. बघू.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

साइटचे साहेब स्टोअरमध्ये आले. बसायला खुर्ची दिली तर आधी रुमाल अंथरला. कागद टाईप करूनच आणला होता — माझा जबाब. सिग्नलवाल्याने चुकीची दिशा दाखवली, वगैरे. वाचला, ठीक होता. जाता जाता म्हणाले, बाई, तो पडदा कागदात आणायचा नाही, उगाच फाटे फुटतात.

पडदा म्हणजे साहेबांचं नवं खूळ. जानेवारीत समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कॅमेरा बसवला आणि माझ्या केबिनमध्ये त्याचा टीव्ही लावून दिला. कुणाला न विचारता, कुठल्याही परवानगीशिवाय. मी त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, मग कागदात कशाला आणू? सही करून दिली. साहेब रुमाल घडी घालून घेऊन गेले. तो रुमाल बघूनच ओकारी येत होती.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

घेतलं!

दुकानात दोन बायप्लेन आली होती. एक वरून पिवळं, खालून निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं — खाटेच्या चादरीसारखं. दुसरं लाल. सगळं लाल. वरून, खालून, शेपटीपर्यंत. हलक्या लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापडासारखं आवरण, टिचकी मारली तर ढोलकीसारखं वाजतं. दुकानदार पट्ट्यावालं पुढे सरकवत राहिला. मी लाल उचललं. तो म्हणाला, तुमची मर्जी. असं म्हणणारी माणसं माझ्या डोक्यात जातात.

नवरा घड्याळं दुरुस्त करतो, बारीक कामाची त्याला पारख आहे. त्याने ते हातात फिरवून बघितलं, जोड चांगले आहेत म्हणाला. मग डोळे बारीक करून भिंतीपाशी धरलं आणि म्हणाला, "अगं, हे पुढून-मागून सारखंच दिसतंय." झालं, एक दातवाले घरातही निघाले.

शनिवार, १५ फेब्रुवारी

दोन पंख, मधल्या आठ दांड्या, सोळा स्क्रू, तांदळाएवढे. माहितीचं पुस्तक ज्याने लिहिलंय त्याला एकदा केबिनमध्ये बसवायला हवं. नवऱ्याने कपड्यांचे चिमटे लावून पंख धरून ठेवले म्हणून जमलं. चार तास. पण उभं राहिलं तेव्हा — नाही, कौतुक पुरे.

सकाळी फाटकाशी पोपट भेटला. काम नाही, तरी तेच हिरवं जाकीट. गवंड्याची चौकशी करायला आलो म्हणाला. मी बाजूने निघाले तर मागून हळूच म्हणाला, "ताई, मी हात बरोबर केला होता."

ताई म्हणे! स्वतःच्या चुकीचं खापर माझ्यावर फोडायचं आणि वर ताई! दिवसभर जेवण गेलं नाही. ज्या माणसाला आपली चूक कळत नाही त्याच्याइतकी किळस मला कशाचीच येत नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

उडालं. माझं लाल विमान उडालं. शेपूट आधी उचलली, मग चाकं. जाताना झकास! रिमोटची दांडी डावीकडे, विमान डावीकडे. उजवीकडे, उजवीकडे. मग वळून आमच्याकडे यायला लागलं आणि बिघडलं. मी सरळ करते तर ते आणखी वाकडं. दातवाल्यांनी खटका दाबून घेतलं. परत दिलं, परत तेच. सात वेळा! जाताना शहाणं, येताना गाढव. मी म्हटलं, यात काहीतरी सदोष आहे, दुकानदाराने गळ्यात मारलं. दातवाले म्हणाले, नाही, विमान चांगलं आहे, मला चालवता येतंय.

तुम्हाला येतंय म्हणजे मला येत नाही? तोंडावर बोलायची तेवढी हिंमत नाही.

गुरुवार, २० फेब्रुवारी

रविवारी वायर नको म्हणून निरोप पाठवला. मला कुणाचा खटका नको.

रविवार, २३ फेब्रुवारी

मोडलं.

एकटीने उडवलं. तीन फेऱ्या नीट. चौथीला लांब गेलं, लाल ठिपका झाला, मग मोठं होऊ लागलं. वारा त्याला डाव्या बाजूला खुर्च्यांकडे ढकलत होता. मी उजवीकडे दांडी दिली. ते आणखी डावीकडे! आणखी उजवीकडे दिली, पूर्ण, टोकापर्यंत. मंडळी खुर्च्या सोडून पळाली. विमान थेट खुर्च्यांत. वरचा पंख दुभंगला, एकाचा थर्मास फुटला, चहा सगळ्यांच्या पायांवर. कुणाला लागलं नाही.

मी ओरडत होते — मी उजवीकडेच दिली होती, हेच ऐकत नाही! लाज नाही, काही नाही. पाच म्हातारे ओले पाय घेऊन उभे आणि मी विमानाला शिव्या देतेय.

दातवाल्यांनी तुकडे गोळा केले. मग माझ्याजवळ येऊन अगदी हळू म्हणाले, "तुम्ही उजवीकडेच दिलीत, मी बघत होतो. विमान त्याच्या उजवीकडेच गेलं. तोंड आपल्याकडे असलं की त्याचं उजवं ते आपलं डावं."

ते म्हणाले, असं सगळ्यांचंच होतं, आणि सगळे आधी विमानालाच नावं ठेवतात. मी पण ठेवली होती. चार महिने.

सोमवार, २४ फेब्रुवारी

विमानाचा आणि क्रेनचा काय संबंध! काहीही संबंध नाही. केबिन माझ्याबरोबर फिरते. मी आत बसलेली असते. समोरून येणारं तिथे काही नसतंच. सगळं मी माझ्या बाजूनेच बघते.

समोरच्या बाजूने बघतो तो फक्त गच्चीवरचा कॅमेरा. आणि त्याच्या पडद्याकडे मी बघत नाही.

हे इथे कशाला लिहितेय? मला विचारलंय कुणी?

मंगळवार, २५ फेब्रुवारी

संध्याकाळी नवरा मोडका पंख चिकटवत होता. मी शेजारी बसून बडबडत होते — पोपट, बैठक, केबिन. त्याने मान वर न करता विचारलं, त्या दिवशी तुला नेमकं काय दिसलं? मी सांगायला लागले. पोपट उभा आहे, हात बाहेर काढलाय, उजव्या बाजूला. जाकिटाचा छातीवरचा खिसा फाटून लोंबतोय. तोंड उघडं आहे, कुणाला तरी हटायला सांगतोय.

नवऱ्याचा हात थांबला. म्हणाला, "तो तर तुझ्याकडे पाठ करून उभा राहतो ना?"

मी उठून मोरीत गेले. तोंडावर पाणी मारत राहिले. पन्नास मीटरवरून छातीवरचा खिसा दिसत नाही. तोंडही दिसत नाही. मला आठ महिन्यांत केबिनमधून त्याचं तोंड कधीच दिसलेलं नाही.

आठवतंय मला. माझी मान उजवीकडे वळलेली होती. त्या टीव्हीच्या काचेकडे.

नवऱ्याने बाहेरून विचारलं बरं वाटत नाही का. हो म्हटलं. किळस वाटत होती. या वेळी माझी.

बुधवार, २६ फेब्रुवारी

साहेबांकडून जबाब परत मागितला. देईनात. मग दुसरा कागद घेतला, स्टोअरमधलाच, हाताने लिहिला — पोपटचा हात बरोबर होता. मी पडद्याकडे बघत होते, त्यात त्याचं डावं मला उजवं दिसलं. सही केली. एक प्रत साहेबांना, एक चौकशीवाल्यांना स्वतः नेऊन दिली.

केबिन गेली. पोपटच्या दारात उभी राहून त्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "माहीत होतं ताई. मी कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा होतो, भार उलटा गेला तेव्हाच कळलं. साहेबांना सांगितलंही होतं. त्यांनी ते लिहूनच घेतलं नाही."