चौथा फ्लास्क

४ जानेवारी, शहापूर
सर म्हणाले, चौथा फ्लास्क फेकून दे. नाय फेकला.

दिवाळीनंतर चार फ्लास्क लावले होते. प्रत्येकात लाल आणि पांढरे जिवाणू एकत्र, रोज त्यातला एक थेंब नव्या पोषक रसात. पांढरे साधे. लालमध्ये मी परकं जनुक घातलंय, मुरबाडच्या एका पोल्ट्रीमागच्या गटारात सापडलेल्या भलत्याच जिवाणूचं. ते अंगात असलं की औषधाने मरत नाहीत. पण माझ्या रसात औषधच नाही, म्हणजे जनुक नुसतं ओझं. ओझं वाहणारे मागे पडतात, हे सर वर्षानुवर्षं शिकवत आलेत. तीन फ्लास्कांत लाल मागे पडलेच. चौथ्यात आधी पडले, मग परत चढले.
"भेसळ झालीय," सर. मोजणीची प्लेट हातात न घेता.

६ जाने.
तपासलं. भेसळ नाही. लाल आपलेच, जनुकही आत शाबूत. सरांना दाखवलं.
"एका फ्लास्कावरून काही सिद्ध होत नाही. परिषदेसाठी तीनच घे."
पहिलं वाक्य खरं आहे. म्हणून दुसऱ्याचा राग जास्त.

११ जाने., गाव
सिद्धगडाच्या पायथ्याला चांगलीच थंडी. आई वालाच्या शेंगा सोलत होती. "काय गो, तुझं जंतू आयकतान का नाय आता?" सगळं सांगितलं. ती घाबरली. "सरांशी भांडू नको बाय, तुझी पीएचडी अडकवतील."
बाबा आतून ओरडले, "भांड!"
मग दोघांचंच जुंपलं.

गेल्या पावसाळ्यात आईला लघवीचा त्रास झाला तेव्हा पहिलं औषध लागूच पडलं नव्हतं. ताप उतरेना. डॉक्टरांनी बदलून दुसरं दिलं. सरांचं म्हणणं असं की औषध काही काळ बंद ठेवलं की असले जंतू आपोआप मागे पडतात, औषध पुन्हा कामाला येतं. आणि नाही पडले तर? तर काय, सर?

१३ जाने.
नव्याने लावलं. फ्रीझरमधले जुने लाल एकीकडे, चौथ्यातले लाल दुसरीकडे. दोघांसमोर तेच ताजे पांढरे. औषध नाही. एकाच्या जागी सहा-सहा फ्लास्क. घ्या, एकावरून सिद्ध होत नाही ना.
शेजारच्या टेबलावर काम करणारी मनीषा कुजबुजली, "सरांनी विचारलं तर काय सांगू?"
"खरं सांग."
"तुझं बरं हाय. मला अजून दोन वर्षं काढायचीत इथं."
ते पण खरंच.

१७ जाने.
रात्रभर वीज नव्हती. सकाळी इनक्युबेटर थंडगार. लावलेलं सगळं गेलं, फ्रीझरमधले साठे तेवढे वाचले. सर दारातून बघून म्हणाले, "आता तरी सोड."
रडले नाही. म्हणजे रडले, पण रस उकळायला ठेवून मग.

२८ जाने.
निकाल आले! जुने लाल नेहमीसारखे मागे. चौथ्यातले पांढऱ्यांच्या बरोबरीने, दोन फ्लास्कांत तर पुढे. तेच जनुक अंगावर घेऊन. ओझं टाकलेलं नाही, ते पेलायला शिकलेत. बदल कुणात झाला, जिवाणूत की जनुकात, माहीत नाही. ते शोधायचंय. झोप लागणार नाही आज.

२९ जाने.
सरांच्या केबिनमध्ये. आकडे वरून खालपर्यंत बघितले. मग, "हे बाहेर गेलं तर माझं आजवरचं सगळं..." वाईट वाटलं. क्षणभरच. कारण लगेच म्हणाले, "परिषदेत तीनच फ्लास्क जातील. तुझं नाव पहिलं घातलंय. विचार कर."
"चौथा नसेल तर माझं नाव काढा, सर."
"गाइड बदलावा लागेल तुला."
"बदलीन."
बाहेर आले. मनीषाने पाण्याची बाटली पुढे केली.

१ फेब्रु.
सरांचा निरोप: चौथ्याचे साठे फ्रीझरमधून काढून टाका. उत्तर लिहिलं: टाकणार नाही. पुन्हा लावते, या वेळी तुम्ही स्वतः मोजा. पाठवून दिलं. मग मोबाइल पालथा घातला.

३ फेब्रु.
उत्तर नाही. आईचा फोन. "मिटवलंस का?" नाय मिटवलं. "बरं," म्हणाली. आणि थांबून, "जेवतेस ना नीट?"

८ फेब्रु.
नव्याने लावलेल्यांच्या प्लेटा तयार. सर आले. चष्मा पुसला, मोजायला बसले. प्लेटांवर मनीषाने नुसती अक्षरं घातली होती. कोणती कुठली ते मला ठाऊक नाही, त्यांनाही नाही, यादी फक्त मनीषाकडे. तिला मीच बाहेर पाठवलं होतं. तिच्या चेहऱ्यावरून कळायला नको.

'ग' प्लेट लालच लाल. सरांनी ती एकदा मोजली, थांबले, पुन्हा पहिल्यापासून मोजली. मी खिडकीशी उभी.
"ही तुझ्या चौथ्याची ना?"
"मलाही माहीत नाही, सर."
पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं त्यांनी. मग दाराकडे वळून हाक मारली, "मनीषा, आत ये."