वहीतली मापं

रविवार, १२ मे

ती. ताईस,

सप्रेम नमस्कार. मी फोन उचलत नाही म्हणून लिहिलेलं तुझं पत्र मंगळवारी मिळालं. मी मजेत आहे. या कारखान्यात कटिंगचं टेबल आता माझ्याकडे आहे. भावोजींचा खोकला गेला का?

नर्सबायांच्या चाळीस कोटांचं काम शेवटी आपल्या दुकानाला मिळालं, हे वाचून आनंद झाला. खोटं कशाला बोलू, पोटात दुखलं. मापं घ्यायला मी गेले होते, तू नाही.

परवा साहेबांनी सगळ्यांना एक कागद भरायला दिला. तुम्ही भांडण कसं हाताळता? माझा निकाल आला, 'भांडण टाळणारी'. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, "बाई गं, तुझ्या घरच्यांची चैन आहे!"

मी हसले खरी, पण घरी येऊन विचार करत बसले. तू आदळआपट करतेस आणि अर्ध्या तासात "चहा घेतेस का?" विचारतेस. तुझं तेवढ्यात मिटतं. मी मात्र काही विसरत नाही. लहानपणी तू माझी वेणी कापलीस, तेव्हा मी चकार शब्द काढला नाही. तुझ्या परीक्षेच्या सकाळी घड्याळ वीस मिनिटं मागे केलं. ते बिघडलं होतं असं तुला अजून वाटतं.

दोन महिन्यांपूर्वी तू गिऱ्हाइकांसमोर म्हणालीस, "ही नुसती कात्री चालवते, डोकं माझं. पटत नसेल तर नीघ." मी कात्री ठेवली, चपला घातल्या आणि निघाले.

आता तू विचारतेस, नवा कटर वहीतल्या मापांनी जसंच्या तसं कापेल, चालेल ना?

नाही चालणार. बारा वर्षं मी वहीत नुसतं अंगाचं माप लिहिलं. सैलपणाचे इंच आखताना मनाने धरायचे. तू कधी टेबलाशी उभीच राहिली नाहीस, तुला कुठून कळणार? तसं कापलं तर एकाही कोटाचं बटण लागणार नाही.

कटिंग उद्या सकाळी आहे. मघाशी तुला सांगायला दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवला. भावोजींचं वाईट वाटतं. तुझं नाही वाटत.

हे पत्र उद्या संध्याकाळी पेटीत टाकेन.

तुला कधीही उलटून न बोललेली,
तुझी धाकटी