बाबांच्या फायटिंगची कॅसेट

१ जानेवारी १९८८, शुक्रवार

नव्या वर्षाचे ठराव दोन.

एक. कोणावरही हात उचलायचा नाही. मुळात मी शांत माणूस. लोक उचलायला लावतात.

दोन. हनुमान जयंतीच्या आत ‘चाबूकवाली चंचल’ या बोलपटाची व्हिडिओ कॅसेट मिळवायची. सन १९४१. काही लोक ४२ म्हणतात. ते मूर्ख आहेत.

काल तालमीत मीटिंग झाली. घोडपदेवची आमची तालीम यंदा पन्नास वर्षांची. भिंतीवर जुन्या मल्लांचे फोटो लागणार. मी उभा राहून बाबांचं नाव सुचवलं. धर्मा पहिलवान. याच मातीत अंग कमावलं आणि परळच्या स्टुडिओत जाऊन सिनेमात फायटिंग केली. हिरोला खरा ठोसा मारून त्याचा दात पाडला. कंपनीने डूख धरून पाटीवर नाव दिलं नाही. हे बाबांनी स्वतः मला सांगितलेलं आहे.

वस्ताद तात्या म्हणाले, तुळशीदास, तुझ्या बापाचा फोटो आहे का एक तरी? नाही. घरात एकही नाही, बाबांनी कधी काढलाच नाही. तात्या म्हणाले, मग तो सिनेमा आण. त्यात पराक्रमही दिसेल आणि फोटोही निघेल. खिळा मी माझ्या हाताने ठोकतो.

तेवढ्यात दौलत बोलला. दौलतच्या बापाचा फोटो आधीपासून भिंतीवर आहे, म्हणून त्याला माज. म्हणाला, अरे तुजा बापूस स्टुडिओत घोड्याची लीद काढायचा.

थोबाडीत दिली. पण ती ३१ डिसेंबरला, म्हणजे गेल्या वर्षी. ठराव आजपासून.

९ जानेवारी, शनिवार

शोध पद्धतशीर सुरू. गिरणीच्या संपापासून मी मोकळा आहे. मोकळा म्हणजे बेकार नव्हे. साचेखात्यात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला कोणतंही मशीन कळतं. आमच्याकडे व्हीसीआर नाही, पण मी त्याचं माहितीपुस्तक दोनदा वाचलेलं आहे. बायको शेवंता भायखळ्याला मासळी विकते, त्यामुळे दिवसभर वाचायला शांतता मिळते.

गिरगावात माधवची व्हिडिओ लायब्ररी. चार भिंती भरून कॅसेटी. मी व्यवस्थित माहिती दिली : सन, काळा-पांढरा, हिरॉइनच्या हातात चाबूक. माधवने इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाला, काका, चाबूकवालं हवं तर पडद्यामागे या. इंग्लिश आहे, एकदम क्लिअर प्रिंट.

माझ्या बाबांच्या सिनेमाबद्दल!

काउंटरची काच फुटली. ती आधीच तडकलेली असणार, नाहीतर एका ठोशात अशी जात नाही. ठराव मोडला नाही. हात काचेवर उचलला, माणसावर नाही. माधवला जे लागलं ते तुकडे उडून.

तीन टाके. शेवंता म्हणाली, सुरमई कापताना माझा हात कधी एवढा कापला नाही, तुम्ही सिनेमा शोधताना कापून घेता.

२४ जानेवारी, रविवार

यश! दादरला फुटपाथवर एक कॅसेटवाला. त्याच्याकडच्या एका कॅसेटवर स्केचपेनने चक्क ‘चाबूक’ लिहिलेलं. घेऊन आलो. खालच्या चाळीत भाड्याने व्हीसीआर आणला होता, तिथे लावली.

प्रभादेवीच्या कोणाची तरी हळद निघाली. मी म्हटलं, सिनेमा पुढे असेल. लोक वरून टेप करतात, शेवटी जुना माल शिल्लक राहतो, हे माहितीपुस्तकात नाही पण मला माहीत आहे. म्हणून पूर्ण बघितली. हळद, लग्न, जेवणावळ. जेवणावळीत बँडवाले आणि नवऱ्याचा मामा यांच्यात मारामारी झाली. ट्रॉम्बोन डोक्यात घातला. फायटिंग ठीक होती, फूटवर्क कच्चं. बाबा नव्हते.

संध्याकाळी कॅसेटवाल्याकडे परत. तो म्हणाला, चाबूक हे लग्नवाल्यांचं आडनाव आहे. मी म्हटलं, असं आडनाव नसतं. तो म्हणाला, तुमच्या बापाला विचारा.

चावलो. खांद्याला. हात उचलला नाही. ठरावात दातांचा उल्लेख नाही.

१३ फेब्रुवारी, शनिवार

तात्यांनी बोलावलं. माधवची तक्रार आली होती. दादरचीही. परळच्या टी.व्ही. दुरुस्तीवाल्याचीही, जो विषय मी इथे लिहिला नव्हता कारण तो क्षुल्लक होता. कुस्तीची पकड होती, हत्याराची पक्कड नाही, आणि नाक त्याचं आधीच वाकडं होतं.

तात्या सत्तरीचे, पण मान अजून खांबासारखी. म्हणाले, तुळश्या, अंग तालमीत कमवायचं असतं, रस्त्यावर उधळायचं नसतं. आणखी एक मारामारी कानावर आली, तर फोटोचं राहू दे, तू स्वतः उंबऱ्याबाहेर. ही माती बघायची नाही.

मी म्हटलं, तात्या, मी शांत माणूस आहे.

तात्यांनी माझ्या हातावरच्या नव्या पट्टीकडे पाहिलं. पटलं असावं.

४ मार्च, शुक्रवार, धुळवड

महत्त्वाची माहिती. दौलतचा धाकटा भाऊ वसंत दुबईला असतो, सुट्टीवर आलाय. तो म्हणे, तिकडच्या व्हिडिओच्या दुकानात आपले जुने हिंदी सिनेमे ढिगाने मिळतात, इथे ज्याच्या प्रिंटी जळाल्या तेही. ‘चाबूकवाली चंचल’ त्याने डोळ्यांनी बघितलाय, खाली अरबी अक्षरं आहेत.

म्हणजे रस्ता दौलतच्या दारातून.

दौलत आणि मी एकाच साच्यावर शिकलो. मग संप. ८३ साली तो पोलिसांच्या गाडीत बसून गेटातून आत गेला. त्या दिवशी त्याचं डोकं फुटलं. गर्दीत मी होतो. हजार माणसं, हजार दगड. नेमका कोणाचा लागला हे सांगणं शास्त्रीयदृष्ट्या अशक्य आहे. माझा नेम पूर्वीपासून चांगला होता, एवढंच म्हणता येईल.

आज मोठ्या मनाने त्याच्याकडे गेलो. पिवळा रंग घेऊन. म्हटलं, दौलत, तुझ्या चुका मी माफ केल्या.

दौलत म्हणाला, माझ्या? आणि भुवईवरची खूण दाखवली. सहा टाक्यांची. म्हणाला, आधी हिला रंग लाव, मग माफ कर.

मी लावला. जरा जोरात लागला. त्याने बादली घातली माझ्या डोक्यात, रिकामी. मग आम्ही दुसऱ्या मजल्यावरून पहिल्या मजल्यावर आलो, जिन्याच्या पायऱ्या न वापरता म्हणता येईल. पोरं टाळ्या वाजवत होती, त्यांना वाटलं खेळ चाललाय. रंग कुठला आणि रक्त कुठलं कोणालाच कळलं नाही. त्यामुळे तात्यांपर्यंत तक्रार गेली नाही.

एकंदरीत बोलणी सकारात्मक.

६ मार्च, रविवार

शेवंता दौलतच्या बायकोकडे, गुणवंतीकडे जाऊन आली. पापलेटं घेऊन. दोघी तासभर हसत बसल्या होत्या म्हणे, कशाला ते सांगत नाही. वसंत परवा दुबईला जाऊन पहिल्या येणाऱ्या माणसाबरोबर कॅसेट पाठवणार.

धुळवडीला मी वातावरण तयार केलं होतं, त्याचं हे फळ.

२८ मार्च, सोमवार

कॅसेट हातात आहे!!

काळी, जड, खोक्यावर उंट. मी उघडून टेप बघितली. बुरशी नाही. गुंडाळी घट्ट आणि सरळ. असा माल इथे मिळत नाही.

शेवंता म्हणाली, दौलतच्या व्हीसीआरवर आधी एकदा बघून घ्या ना, आपल्या आपल्यात. मी म्हटलं, नाही. बाबांना मी पहिल्यांदा बघणार तो सगळ्या तालमीच्या देखत. शनिवारी हनुमान जयंती. सगळ्यांनी एकाच वेळी बघायचं, हिरोचा दात कसा पडतो.

ती म्हणाली, आणि नाही पडला तर?

बायकांना फायटिंगमधलं कळत नाही.

२ एप्रिल, शनिवार, हनुमान जयंती

(डाव्या हाताने. उजव्याला प्लास्टर.)

घडलं ते तपशीलवार लिहितो, कारण लोक उलटसुलट सांगणार.

सकाळी जन्म झाला, सुंठवडा वाटला. अकराला कुस्तीच्या हौद्याच्या कडेला दौलतचा कलर टी.व्ही. ठेवला. सगळे मातीत मांडी घालून. बायका दारात. मी मशीनजवळ, ट्रॅकिंग माझ्याकडे.

चौथ्या मिनिटाला बाबा आले. मी ओळखलं. लंगोट, दाढी, हे एवढे दंड. मी ओरडलो, ते बघा! आणि हिरॉइनने चाबूक मारला, बाबा गच्चीवरून गवताच्या गाडीत पडले. मेले.

मी म्हटलं, थांबा, ही सुरुवात आहे.

पुढच्या फायटिंगमध्ये बाबा पुन्हा आले. दाढी नव्हती, शिपायाचा डगला होता. जिन्यावरून गडगडत खाली. मेले. मग डाकू म्हणून आले, घोड्यावरून उलटे गेले. मेले. मग दरबानाच्या पगडीत. विहिरीत.

पोरं ओरडायला लागली, आला रे आला! आणि मग, मेला! बायकासुद्धा. दौलत पोट धरून मातीत आडवा. दर वेळी बाबा वेगळ्या मिशीत यायचे आणि दर वेळी त्यांना कोणीतरी मारायचं. हिरॉइन मारायची. हिरो मारायचा. एकदा माकडाने मारलं. बाबांनी सबंध सिनेमात कोणाला एक टपली मारली नाही.

दाताचा सीन आला. दात पडला. बाबांचा.

बाबांना पुढचा दात नव्हता हे खरं आहे. मटणाचं हाड लागलं होतं असं आई सांगायची. तो विषय वेगळा.

शेवटी बाबा किल्ल्याच्या बुरुजावरून डोकं खाली, पाय वर असे सुटले, आणि तात्या उठले. मला म्हणाले, थांबव. मी पॉजचं बटण दाबलं. बाबा हवेत थांबले. तात्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाले, अरे, नुसता पडणारा माणूस हा...

एवढं ऐकल्यावर कुठला मुलगा शांत बसेल?

माझा हात गेला. उचलला नाही, गेला. फरक आहे. तात्यांच्या जबड्यावर. तात्या जागचे हलले नाहीत, माझ्या हाताचं हाड हललं. मग तालीम उठली. पहिल्याने धोबीपछाड घातली, तीसुद्धा चुकीच्या खांद्यावरून. दुसऱ्याने ढाक मारली, ती बरी होती. नंतर काय काय घातलं ते नावानिशी सांगता येणार नाही, कारण डोळ्यांत माती गेली होती. दौलतने एकच मारली. भुवईवर.

सहा टाके.

टी.व्ही.ला काही झालं नाही. बाबा तसेच हवेत होते.

६ एप्रिल, बुधवार

तात्यांनी मंगळवारी, जबडा हलायला लागल्यावर, त्यांचं वाक्य पुरं केलं. शेवंता तिथे होती. तिने सांगितलं ते असं :

अरे, नुसता पडणारा माणूस हा, पण असा पडणारा मी जन्मात बघितला नाही. एवढ्या उंचावरून नऊ वेळा गेला आणि एक हाड मोडलं नाही. आपण पोरांना दुसऱ्याला पाडायला शिकवतो. पडायला कोण शिकवतं? याचा फोटो मध्यभागी लावा.

दौलतने पहिला हात वर केला म्हणे. ठराव एकमताने पास. लगेच दुसरा ठराव, तोही एकमताने : तुळशीदास धर्मा कोळी याने तालमीच्या उंबऱ्यात पाऊल ठेवायचं नाही. कायमचं.

मी शेवंताला म्हटलं, बघ, शेवटी मी म्हणत होतो तेच झालं. फोटो लागणार.

ती पातेलं घासत होती. घासतच राहिली.

१७ एप्रिल, रविवार

आज फोटो लागला. खिळा तात्यांनी स्वतः ठोकला. ठोकल्याचा आवाज मी ऐकला, समोरच्या फुटपाथवर पानाच्या गादीपाशी उभा राहून. उंबऱ्यापासून चांगलं लांब. शिस्त म्हणजे शिस्त.

आतलं सगळं दिसत नाही. चौकट आड येते. लोक थोडे सरकले तेव्हा फोटो दिसला.

उलटा लावलाय!!

बाबांचं डोकं खाली, पाय वर. पन्नास वर्षांच्या तालमीत, मध्यभागी, हार घालून, उलटा! हे दौलतचंच काम. तरीच पहिला हात वर केला. मी तिथेच बाही सरसावली. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, पण डावा शाबूत आहे. आणि प्लास्टर हे काही कमी हत्यार नाही. उंबरा-बिंबरा बघणार नाही. बापाच्या अपमानापुढे ठराव कसले?

आधी घरी आलो, शेवंताला सांगून जावं म्हणून. जामीन वगैरे लागला तर तिला माहीत असावं. सांगितलं सगळं. ती बोंबील साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, अवो, मामंजी पडतायत ना तिथं.

बाही खाली घेतली.

संध्याकाळी पुन्हा पानाच्या गादीपाशी. तालमीत कोणी नव्हतं, दार उघडं होतं. मान पूर्ण वाकडी केली, मग कमरेतून वाकलो. बाबा बरोबर दिसले. टी.व्ही.च्या आडव्या रेघा आहेत, खाली अरबी अक्षरं आहेत. तोंड उघडं. दात नाही. हसताहेत की ओरडताहेत, एवढ्या अंतरावरून सांगता येत नाही. जवळ जाऊन बघायला हवं.

पानवाला म्हणाला, काका, कंबर गेली का?

त्याला काही केलं नाही. वाकलेलो होतो.