डाव्या खिशातली भाकरी

साउथहॅम्प्टन
१४ मार्च, शनिवार

प्रिय आसावरी,

पाकिटात एक झिपची पिशवी आहे. ती आत्ता उघडू नकोस, आणि भोपळ्याच्या नाकासमोर तर मुळीच धरू नकोस. आधी पत्र वाच. पाच आठवडे तू माझा फोन उचलला नाहीस, मेसेजला उत्तर दिलं नाहीस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले आहे. तुला शेवटचं पत्र मी कॉलेजच्या सुट्टीत नागपूरहून लिहिलं होतं. त्यातही बहुतेक तुला किती मार्क पडले हेच विचारलं होतं.

क्लबनं भोपळ्याचं माग काढण्याचं सर्टिफिकेट परत घेतलं आणि खोटं सांगितल्याचा ठपका ठेवून तुझं नाव वर्षभरासाठी काढून टाकलं, त्याबद्दल मला लिहायचं आहे. पण एकदम तिथे पोचायचं धाडस होत नाही. मी जळकी आहे, इथपासून सुरुवात करते. हे तुला नवीन नाही, पण किती ते तुला माहीत नाही. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सिनेमाला जाऊन तू पहिल्या दहांत यायचीस, आणि मी चार महिने खोलीला कडी लावून बाविसावी. ब्रिस्टलमधले तुझे पेशंट तुला ख्रिसमसची कार्डं पाठवतात. माझे पेशंट झोपलेलेच असतात, भूलतज्ज्ञाला कोण कार्ड पाठवणार. तुझ्या कुंडीत कढीपत्ता जगतो. मी गेल्या सात वर्षांत चार रोपं मारली, त्यातलं एक तुझ्याच कढीपत्त्याचं होतं.

म्हणून त्या दिवशी विल्टशायरला कुत्र्याची पिल्लं बघायला गेलो तेव्हा मी ठरवलं होतं की निदान इथे तरी आपण बरोबरीनं सुरुवात करायची. एकाच आईची पिल्लं, एकाच दिवशी घरी न्यायची. मी यादी घेऊन आले होते. किल्ल्या पाडल्यावर कोण आधी वळतो, दडवलेला तुकडा कोण आधी शोधतो, सगळं तपासून मी मल्हारला निवडलं. तू निवडलंच नाहीस. एक पिल्लू तुझ्या बुटावर झोपलं आणि त्याला उठवायचं तुझ्या जिवावर आलं, एवढंच. भोपळ्यासारखा बसतो म्हणून भोपळ्या. गाडीत बसताना मला मनातून फार बरं वाटलं होतं, की हुशार कुत्रा माझ्याकडे आला.

माझ्या आईला मी अजून समजावू शकलेले नाही की आपल्या क्लबची ही कसली शिकार. एक माणूस शेतांतून पुढे चालत जातो, त्याचा मोजा किंवा रुमाल कुत्र्याला हुंगायला देतात, कुत्रा त्याचा माग काढतो आणि सापडला की त्याला चाटतो. आई म्हणते, मग हाकच मारायची ना त्याला. तू हसलीस यावर, मला मात्र राग आला होता. मल्हारसाठी मी वही केली होती. वाऱ्याची दिशा, माग किती मिनिटं जुना, कुठे चुकला, किती वेळा. वीस मिनिटांच्या मागापासून सुरुवात करून दोन तासांच्या मागापर्यंत मी त्याला पायरी पायरीनं नेलं. चुकला की उभं करायचं, मागे आणायचं, पुन्हा हुंगवायचं. आणि तू? रविवारी मेंडिपच्या टेकड्यांवर शेजारपाजारचं कुणीतरी पुढे पळणार, भोपळ्या वाटेत ससा दिसला तर सशामागे, ओढा दिसला तर ओढ्यात, आणि तू मागून धापा टाकत त्याच्याशी मराठीत गप्पा मारत. सापडलं की तूप लावलेली भाकरी, ती त्या माणसाच्या डाव्या खिशात. माग काढताना भोपळ्या ज्या आवाजात ओरडायचा, तो मल्हारच्या गळ्यातून मी कधी ऐकला नाही. मल्हार मुकाट काम करतो. माझा नवरा असून अंबरीश एकदा म्हणाला, “वरदा, तू कुत्रा नाही पाळलास, रिझल्ट पाळलायस.” त्या दिवशी मी त्याच्याशी बोलले नाही.

आता ऑक्टोबर. तुझ्या अप्पांच्या बायपाससाठी तू तीन आठवडे नाशिकला गेलीस आणि भोपळ्याला माझ्याकडे ठेवलंस. फ्रीझरमध्ये एकवीस भाकऱ्या, वर चिठ्ठी, ‘रोज एक, तूप लावून’. दारातून परत फिरून तू सांगितलंस, नुसतं फिरव, काम देऊ नकोस, त्याची मजा जाईल. मी हो म्हटलं. दुसऱ्याच दिवशी मी त्याला मागावर घातलं.

मला फक्त बघायचं होतं, आसावरी. आमच्या डिपार्टमेंटची अक्षरा तेव्हा मल्हारसाठी पुढे चालायची. तिला मी काहीच सांगितलं नाही. दोघे दिसायला सारखे, दोघांना पट्टा एकच घालायचे, तिला वाटायचं रोज मल्हारच येतो. मी फक्त एवढंच म्हटलं की हल्ली तो भाकरी खातो, डाव्या खिशात ठेव. पाऊस होता, वारा आडवा होता, माग दोन तासांचा जुना. मल्हारला चाळीस मिनिटं लागली होती. तुझ्या भोपळ्यानं, जो आयुष्यात कधी अर्ध्या तासाहून जुन्या मागावर गेला नव्हता, तिला अठरा मिनिटांत शोधलं. वाटेत एकदा डबक्यात लोळूनसुद्धा. मी घड्याळ दोनदा बघितलं. मग त्या तीन आठवड्यांत मी त्याला आठ वेळा नेलं, तो कुठेतरी हरेल म्हणून. अक्षराला त्याच्याबरोबर फोटो हवा होता, तो मीच काढला. तू परत आलीस आणि विचारलंस, त्रास नाही ना दिला. मी म्हटलं, छे, झोपूनच असायचा.

जानेवारीतल्या क्लबच्या ट्रायलला, सर्टिफिकेटच्या परीक्षेला, तुला नाव द्यायला मीच लावलं. तू नको म्हणत होतीस. मला वाटलं, माझ्या हाताखाली त्याला वारा आणि पाऊस कळला असेल, पण शिस्तीच्या मैदानात, परीक्षकांसमोर, तुझा भोपळ्या ससा धरेल आणि एकदाचं सगळ्यांना दिसेल. त्या सकाळी चिठ्ठ्या काढल्या आणि भोपळ्याला पुढे चालणारी म्हणून अक्षरा आली. तिनं माझ्यासाठीच त्या दिवशी नाव दिलं होतं, न्यूझीलंडला जाण्याआधीचा तिचा शेवटचा रविवार. पुढे चालणारा कुत्र्याला अनोळखीच हवा, म्हणून क्लबच्या मार्टिननं सगळ्यांना विचारलं की तुमच्या कुत्र्यानं ह्यांच्यापैकी कुणाचा माग आधी काढलाय का. तू नाही म्हणालीस. तू खरंच बोललीस. मी तुझ्या शेजारी चहाचा कप धरून उभी होते, आणि गप्प बसले.

मल्हारचं तुला माहीत आहे. सबंध माग त्यानं एकही चूक न करता काढला. शेवटी तीन माणसं उभी, त्यांतला खरा त्यानं ओळखायचा. तो बरोबर माणसासमोर जाऊन उभा राहिला, आणि पंजा टाकण्याऐवजी मान वळवून माझ्याकडे बघत राहिला. वेळ संपेपर्यंत. मिसेस हॉलिस इतकी वर्षं परीक्षक आहेत, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, “त्याला कळलंय. तो तुला विचारतोय, बरोबर आहे का म्हणून.” मला तेव्हा त्यांचा हात झटकावासा वाटला. आता रोज आठवतं.

आणि मग भोपळ्या. चिखलानं भरलेला, कानाला काटे, तो ओरडत आला, तिघांतून थेट अक्षराकडे गेला आणि तिच्या डाव्या खिशात नाक खुपसलं. खिसा रिकामा होता. सगळे हसले, मग त्यानं दोन्ही पंजे तिच्या खांद्यावर ठेवले आणि टाळ्या पडल्या. खिशाचं कारण तिथे मला एकटीला ठाऊक होतं. तू रडत येऊन मला मिठी मारलीस, माझा कोट चिखलानं भरला. तू म्हणालीस, “हे तुझ्यामुळे झालं गं.” परत येताना गाडीत मल्हार मागच्या सीटवरून आरशात माझ्याकडे बघत होता. त्याचीही मला चीड आली.

चार दिवस मी कसेबसे काढले. पाचव्या दिवशी दुपारी, ड्यूटीवरून आल्यावर, मी एक नवीन ईमेल पत्ता उघडला. अक्षराचा तो फोटो जोडला, ऑक्टोबरच्या तारखेसकट, आणि खाली तीन ओळी लिहिल्या, की भोपळ्या ट्रायलच्या आधीपासून हिचा माग काढतोय. नाव लिहिलं नाही. म्हणजे तक्रार मी केली, आसावरी. ज्या गुन्ह्याची केली, तो गुन्हाही मीच केलेला होता. पाठवल्यावर मी वरण-भात लावला आणि दोनदा वाढून घेऊन जेवले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं, हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

क्लबचं पत्र आल्यावर तू मला फोन केलास. वरदा, काहीतरी गोंधळ झालाय, फोटो मागवलाय, आला की कळेल. त्यानंतर तुझा फोन नाही. मला वाटत होतं तू शरमेनं गप्प आहेस, आणि त्यातही मला थोडं बरं वाटत होतं. बघ कुठवर गेले होते मी.

गेल्या शनिवारी क्लबच्या सरावाला मार्टिन भेटला. एप्रिलपासून नवशिक्यांचे वर्ग मी घ्यायचे हे आता नक्की झालंय, त्याचं बोलत होता. बोलता बोलता तुझा विषय निघाला. म्हणाला, वाईट वाटतं, आम्ही तिला लेखी विचारलं होतं की कुत्रा कधी दुसऱ्या कुणाकडे होता का. तसं असतं तर जबाबदारी त्या माणसाची, तिचं सर्टिफिकेट गेलं असतं पण नाव राहिलं असतं. तिनं एका ओळीत लिहिलं, कधीच नाही, माझ्याकडेच होता. घरी येऊन मी तो फोटो पुन्हा उघडला. अक्षराच्या कोपराजवळ, कुंपणाच्या पायरीवर, हिरवा थर्मास. माझ्या चाळिशीला तू दिलेला, वर माझं नाव कोरलेला. मी, जी वाऱ्याची दिशा वहीत लिहिते, मला तो दिसला नव्हता. तुला पहिल्या नजरेत दिसला असणार.

म्हणजे तुला सगळं कळलं, आणि तू आयुष्यातलं एकमेव खोटं बोललीस ते माझ्यासाठी. एप्रिलच्या वर्गांबद्दल मी तुला किती वेळा मिरवून सांगितलं होतं ते आठवलं. मला त्याचाही हेवा वाटला, आसावरी, की तुला असं वागता येतं. मग मात्र मी बाथरूममध्ये जाऊन खूप रडले. अंबरीशला सगळं सांगितलं. तो मल्हारला घेऊन फिरायला गेला.

आज सकाळी मार्टिनला मी सही करून सगळं लिहून पाठवलं. आठ वेळा, तारखांसकट, वहीतली पानं जोडून. त्याची प्रत ह्यात आहे. वर्ग जातील, क्लबमधून मीही जाईन. ते मी तुझ्यावर उपकार म्हणून केलेलं नाही. आता पिशवीबद्दल. तिच्यात माझा मोजा आहे, काल दिवसभर ड्यूटीवर घातलेला. पुढच्या रविवारी, २२ तारखेला, मी मेंडिपला येते, जिथून तू भोपळ्याला सोडतेस त्याच फाटकापाशी. नऊ वाजता चालायला लागेन आणि कुठेतरी जाऊन बसेन. इतकी वर्षं मी पट्ट्याच्या मागे राहिले, पुढे कधी चालले नाही. अकरा वाजता अंबरीश मल्हारला घेऊन फाटकापाशी असेल, त्याचा पट्टाही तूच हातात घे. मागे वळून बघायला त्याला माझा चेहरा नसेल, तेव्हा कदाचित तोही ओरडेल. भोपळ्या मला ओळखतो, तेव्हा हे कुठल्याच ट्रायलमध्ये धरणार नाहीत. तुला यायचं नसेल तर मोजा टाकून दे, मी एक वाजेपर्यंत वाट बघेन आणि उठून घरी जाईन. यायचं असेल तर त्याला हुंगव आणि सोड. भाकरी काल मी स्वतः थापून फ्रीझरमध्ये ठेवली आहे, कडेला चिरली आहे, पण डाव्या खिशात असेल.

तुझीच,
वरदा