डाव दाखव

वासणा, बडोदे
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

विश्वंभर यास,

लक्ष्मणचा नमस्कार. ‘प्रिय’ लिहिलं नाही. नऊ वर्षं अबोला धरून एकदम प्रिय लिहिलं तर तूच म्हणशील, म्हाताऱ्याला काहीतरी काम काढायचंय. काम आहेच, पण ते शेवटी. आधी रीतीप्रमाणे: आम्ही सारे खुशाल, तू आणि वहिनी खुशाल असाल. अक्षराकडे बघू नकोस, पेन नवं आहे.

फोन करणार होतो. नंबर काढूनही ठेवला. पण तू नुसतं ‘हां, बोल’ म्हणाला असतास तरी माझी वाचा बसली असती. म्हणून कागद. मोहनाची, म्हणजे माझ्या सुनेची, शाळा तुमच्या दांडिया बाजाराकडेच आहे. तिच्या हाती पाठवतोय.

मी वैतागलोय, विश्वंभर. या घरात सगळे मला काचेची बरणी समजतात. पेरूची पानं खराट्यानं झाडायला गेलो की आतून ‘बाबा, राहू द्या’. कढीपत्त्याला आळं करायला बसलो की ‘बाबा, माळी येईल ना’. माळी येतो आठवड्यातून एकदा, पाइप हातात धरून अर्धा तास फोनवर गुजरातीत बोलतो आणि चालो काका म्हणून निघून जातो. त्याच्या हातून एक तण कधी मुळासकट निघालं नाही. सत्याहत्तर वर्षांचा असलो म्हणून मला तण दिसत नाही की काय?

आमच्या पोरानं, अनीशनं, व्यायामासाठी सायकल आणलीय. ती जागच्या जागी चालते. घाण्याचा बैलही जागच्या जागी फिरतो, पण तो निदान तेल तरी काढतो! शिवाय मनगटात एक घड्याळ अडकवलंय, ते पावलं मोजतं. मी पाऊण तास फावडं मारून घामानं निथळतो आणि ते म्हणतं, बावीस पावलं. वर इंग्रजीत उपदेश, की फार वेळ बसलात, जरा हालचाल करा. म्हणून काम करताना मी ते काढून खिळ्याला टांगतो. हे अनीशला आवडत नाही. त्याला माझं हल्ली काहीच आवडत नाही.

फावडं कशाला, असं तुझ्या मनात आलं असेल. तुला सांगितलेलं नाही, कोण सांगणार होतं म्हणा. तालमीतला कुस्तीचा हौदा बुजवायचं ठरलं, त्या आठवड्यात मी टेम्पो आणून त्यातली माती उचलली. चाळीस पोती. तुम्ही लोकांनी ती मैदानावर फेकून दिली असती. आमच्या टेनामेंटच्या मागच्या अंगणात, पेरूच्या पलीकडे, आठ फूट बाय आठ फुटांचा हौदा केला. नऊ वर्षं रोज सकाळी तो खणतोय. खणायचा, ढेकळं फोडायची, फळी फिरवून सारखा करायचा. धनाजीराव वस्तादांनी लावलेल्या शिस्तीत, लंगोट कसण्याआधी जसा आपण खणायचो तसाच. दर शनिवारी ताक, महिन्यातून एकदा हळद आणि तेल. मोहनाचं कढीचं ताक दोनदा त्यात गेलं. तिसऱ्या वेळेपासून ती दोन लिटर जास्त दूध घ्यायला लागली. त्या मातीत आता कोणी लढणार नाही हे मला कळतं. पण ती खणली की दिवसभर पाठ, खांदे, मांड्या माझ्या असतात. माझी अहल्या गेली त्यानंतरची दोन वर्षं मी त्या मातीवरच काढली. दुसऱ्या कशावर काढली असती, मला माहीत नाही.

आता या मातीवर ब्लॉक बसवायचे म्हणतात. सिमेंटचे, लाल-करडे, सोसायटीतल्या सगळ्यांनी घातलेत तसे. म्हणे गाडी उभी राहील आणि पाय घसरणार नाही. माणसं चोवीस तारखेला, सोमवारी यायची आहेत.

मी रागावलो. तर अनीशनं काय करावं? समोर सतरंजी टाकली. म्हणाला, “बाबा, मांडी घालून बसा आणि कशालाही न धरता उठून दाखवा. उठलात तर ब्लॉक रद्द. मी पुन्हा हौद्याचं नाव काढणार नाही.”

म्हणजे बघ! ज्या माणसानं पाचशे जोर मारले, त्याला पोटच्या पोरानं उठबस विचारायची? मी सतरंजी पायानं ढकलली आणि सांगितलं, तुझ्या परीक्षेला बसायला मी काही शाळेतलं पोर नाही. तो म्हणाला, बरं, तेवीसपर्यंत मुदत आहे, मनात आलं तर सांगा. मी खोलीत गेलो. मला वाटलं, काय बाणेदार उत्तर दिलं.

इथपर्यंत लिहून पेन ठेवलं होतं. चहा पिऊन आलो. वाचून बघितलं तर सगळं अर्धवट आहे. तुला अर्धवट लिहून काय उपयोग, तू तर मला हाडापासून ओळखतोस. अक्षराचं कारण पेन नाही. उजवं मनगट पट्ट्यात बांधलंय, बोटं तेवढी मोकळी आहेत.

शनिवारी ताक घातलं होतं. ते मुरायची वाट न बघता आत उतरलो, हीच पहिली चूक. फावडं मारायला वाकलो आणि डावा पाय सरकला. पुढची चूक ऐकून तू डोक्याला हात लावशील. दुसरा कोणी म्हातारा असता तर मऊ मातीत मुकाट पाठीवर पडला असता आणि उठून कपडे झटकले असते. मी पडता पडता वळलो. पाठ मातीला लागू नये, कुस्ती जाऊ नये म्हणून! समोर कोणी नाही, पंच नाही, फक्त पेरूवर एक पोपट. आणि या सत्याहत्तर वर्षांच्या गाढवानं अंगात होती नव्हती ती ताकद लावून हवेत कूस बदलली. सगळं वजन मनगटावर आलं. फावडं पोटाखाली.

मग उठायला गेलो. उठता येईना, विशू. हात टेकावा तर मनगट पेटायचं, गुडघा ओढावा तर ताकाच्या चिखलात सरकायचा. वळायला गेलो आणि अखेर पाठच लागली. आभाळाकडे तोंड करून पडलो. हाक मारायची लाज वाटली. चाळीस मिनिटं, खिळ्याला टांगलेलं घड्याळ मला तिथून दिसत होतं. एकदा तोंडातून हाक निघाली ती मोहनाला नव्हती, तुझ्या नावाची होती. का ते पुढे लिहितो.

मोहना कपडे वाळत घालायला आली. मी म्हटलं, शवासन करतोय. ती म्हणाली, “बाबा, शवासनात फावडं जवळ घेतात का?” मग बादली खाली ठेवून तिनं मला काखेत हात घालून उठवलं, नळाखाली नेलं, कानातली मातीसुद्धा धुतली. अनीशला मनगटामुळे कळलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो जेवणाच्या टेबलावर नुसता बसून राहिला, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं ती सतरंजी आणली. त्यात अपमान नव्हता रे. माझं पोर घाबरलंय.

आणि मी बाणेदार वगैरे काही नव्हतो. दार लावून सोमवारी मी ती उठबस करून बघितली. पलंग आणि कपाटाच्या मधे मांडी घातली, उठायला गेलो, नाही जमलं. मनगटाला दोष देऊन नुसत्या पायांवर उठायला गेलो, तेही नाही. चौथ्या वेळी पलंगाची पट्टी धरून उठलो आणि तिथंच बसून रडलो. खणायला येतं, वाकायला येतं, पन्नास बैठका अजून येतात. पडल्यावर जमिनीवरून उठायला येत नाही. असं काही वेगळं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. खोटं लिहिलं. तू सांगत होतास.

हौदा बुजवून मॅट घातल्यास, मशिनं आणलीस, आणि सकाळी सातला म्हाताऱ्यांना घेऊन बसायला लागलास. कुशीवर कसं पडायचं, मग कोपर, मग गुडघा, मग उभं कसं राहायचं. मी चार लोकांत त्याला ‘पडायचे क्लास’ म्हणायचो. लोक हसायचे, मला बरं वाटायचं. काल मोहनाकडून कळलं की तिची आई वर्षभर तुझ्याकडे येते. पूर्वी बाईंना पाटावरून दोघांनी धरून उठवावं लागायचं. या गणपतीत त्या खाली बसून नैवेद्य दाखवून आपल्या आपण उठल्या. मोहनानं हे आमटी वाढता वाढता सांगितलं, माझ्याकडे न बघता. पोर हुशार आहे.

आता ते शेवटचं. हौद्याच्या मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर तुला म्हणालो होतो, ज्याला मातीत कधी जिंकता आलं नाही त्याला मातीची किंमत काय कळणार. तू खाली बघितलंस आणि वहीत काहीतरी लिहीत राहिलास. लक्ष्मणची पाठ कधी लागली नाही, ही आख्ख्या तालमीची समजूत. ती खोटी आहे हे त्या खोलीत फक्त दोघांना माहीत होतं.

एकाहत्तर साल. वस्ताद डभोईला कुणाच्या लग्नाला गेले होते, तालमीत आपण दोघंच. तू ढाकेचा डाव लावलास आणि मला समजायच्या आत मी आभाळ बघत होतो. तू हसलासही नाहीस, हात देऊन उठवलंस. मी म्हटलं, वस्तादांना सांगू नकोस. तू म्हणालास, “काय सांगू? मला काही दिसलंच नाही.” चोपन्न वर्षं तू ते पाळलंस. मीटिंगमध्ये एक वाक्य बोलला असतास तर मी तिथंच संपलो असतो. तू बोलला नाहीस, आणि मी तुझ्या त्या गप्प बसण्याला भित्रेपणा म्हणत घरी आलो. अहल्या गेली तेव्हा तू तेराव्याला आलास, दाराशी उभा राहिलास, मी पाणीसुद्धा विचारलं नाही. याची मला लाज वाटते. शनिवारी चिखलात पडल्यावर तुझंच नाव आलं, कारण तसा पडलेला मला फक्त तू बघितलं होतंस.

वस्तादांचा रिवाज तुला आठवत असेल. ज्याची पाठ लागली त्यानं हौद्यातली चिमूटभर माती कपाळाला लावायची, जिंकलेल्यापुढे उभं राहायचं आणि म्हणायचं, डाव दाखव. जिंकलेल्यानं तो डाव तिथल्या तिथं शिकवायचा, नाही म्हणायचं नाही. एकाहत्तरात मी तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर पाठ लागली हे कबूल झालं असतं.

मनगट आठवड्यात सुटेल असं डॉक्टर म्हणतात, आणि ते टेकल्याशिवायही उठता येतं म्हणे. माझ्याकडे अकरा दिवस आहेत. तेविसाला सतरंजीवर बसून अनीशसमोर उठायचंय. जमलं तर माती राहील. नाही जमलं तर ब्लॉक बसतील आणि मी तक्रार करणार नाही, पोराला झोप तरी लागेल. पण न शिकता हरायचं नाही.

शुक्रवारी सकाळी सातला येतो. मॅटच्या कडेला उभा राहीन, सगळ्यांच्या देखत. सोबत कागदाच्या पुडीत चिमूटभर माती आहे, आपल्याच हौद्यातली. त्यातली थोडी कपाळाला लावून उरलेली तुला पाठवतोय, म्हणजे शुक्रवारी माझं धैर्य सरलं आणि मी दारातून परत फिरलो, तरी विचारल्यासारखं होईल. ढाक आता राहू दे, दोघांची हाडं मोडतील. मला पडल्यावर उठायचं शिकव.

वहिनींना नमस्कार.

विशू, डाव दाखव.

पाठ लागलेला,
लक्ष्मण