त्या घरात ऐकलेलं

अब्बा, घरात आपण दखनीच बोलायचो, पण तुम्ही मला मराठी शाळेत घातलंत, त्यामुळं मनातलं लिहायला बसलो की हात मराठीतच चालतो. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. रविवारी सिल्लोडची मंडळी तुमच्या नातीला पाहून गेली आणि तेव्हापासून तुमची लई आठवण येतेय. खरं सांगायचं तर भीती वाटतेय.

माझ्यासाठी मुलगी पाहायला आपण पैठणला गेलो होतो. तुम्ही, अम्मी, तुमची बहीण म्हणजे माझी फुफी, आणि मी. एस.टी.त बसल्यापासून तुमचं सुरू झालं. चौघंच जायचं, लवाजमा न्यायचा नाही. पोरीला चालून दाखव, वाचून दाखव म्हणायचं नाही, ती काय बाजारातली बकरी आहे? "तू तिला नीट बघ, तेवढा हक शरियतनं तुला दिलाय. पण तिच्या बापासमोर बघ. पसंत नसली तर लटकवून ठेवायचं नाही. आणि त्या घरात जे ऐकशील ती अमानत, विश्वासानं सोपवलेली ठेव. ती तिथंच ठेवून उठायचं." फुफी खिडकीतून तोंड वळवून म्हणाली, "भाईजान, पोरगी बघायला चाललोय का हजला?" तुम्हीसुद्धा हसलात. तुम्ही आणि फुफी एकत्र हसताना मी त्यानंतर पाहिलं नाही.

मुलगी सरबत घेऊन आली, सलाम करून आईशेजारी बसली. तिचे वडील घसा खाकरून म्हणाले, "तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगणं माझं फर्ज आहे. पोरीच्या पाठीवर कोडाचे डाग आहेत. निकाह झाल्यावर तुम्हाला कळावं, असं मला नको." ती मान खाली घालेल असं वाटलं होतं, पण ती सरळ माझ्याकडं बघत राहिली. मीच नजर काढून घेतली. घरी आल्यावर मी नाही म्हणालो. तुम्ही जबरदस्ती केली नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः जाऊन "पोराचं मन नाही" एवढंच सांगून आलात, कारण सांगितलं नाहीत.

कारण मी सांगितलं, अब्बा. शहागंजात, आपल्या टेलरिंगच्या दुकानासमोर चहा पिताना एका दोस्तानं विचारलं, एवढं चांगलं घर का सोडलंस? माझ्यात खोट नव्हती हे दाखवायची घाई झाली मला. अर्धा कप चहा संपायच्या आत सांगून मोकळा झालो. त्याची सासुरवाडी पैठणची. दोन महिन्यांनी त्या मुलीचं लासूर स्टेशनला ठरलेलं मोडलं. तिचे वडील दुकानात आले, तुम्ही गळ्यात टेप घेऊन तसेच उभे राहिलात. ते ओरडले नाहीत. "भाईसाब, मी तुमच्यापाशी ठेवलं होतं," एवढं बोलून निघून गेले. मी काज करत बसलो होतो, सुई बोटात गेली तरी मान वर केली नाही.

घरी येऊन तुम्ही कोणाला काही विचारलंच नाही. फुफीची जीभ साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक होती. "तूच," तुम्ही तिला म्हणालात. ती कसम खायला लागली तर तुम्ही तीही खाऊ दिली नाहीत. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो आणि गप्प राहिलो. तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला धरायचा नाही, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. तुम्ही चौदा वर्षं धरलात. ईदला ती शीरखुर्मा पाठवायची आणि तुम्ही डबा भरलेलाच परत पाठवायचात. तो गुनाह तुमच्या नावावर माझ्यामुळं चढला.

रविवारी त्या वडिलांच्या जागी मी बसलो होतो. पोरीला लहानपणी झटके यायचे, आठ वर्षांपासून गोळ्या बंद आहेत, हे मी न विचारता सांगितलं. मुलगा बशीतल्या बिस्किटाकडं बघत होता. चांगला वाटला. मीही दिसायला चांगलाच होतो. याला उद्या चहाला कोण भेटेल, काय विचारेल, एवढंच माझ्या डोक्यात. आज गुरुवार, त्यांचा फोन नाही.

सोमवारी फुफीकडं गेलो. सगळं सांगायचंच म्हणून गेलो होतो. आता तिला नीट दिसत नाही, चेहऱ्यावरून हात फिरवून तिनं मला ओळखलं, खिचडी वाढली. मी तोंड उघडणार तोच म्हणाली, "भाईजाननं जाताना माझं नाव घेतलं होतं का रे?" मी हो म्हणालो. ती दुपट्ट्यात तोंड घालून रडली आणि म्हणाली, "मग माझं काही म्हणणं नाय."

तुम्ही घेतलं नव्हतंत, अब्बा. निघताना तिनं पोरीसाठी डबा भरून दिला. तो परत द्यायला जाईन तेव्हा सगळं सांगेन, असं ठरवलं होतं. डबा धुऊन आज तीन दिवस झाले, मी अजून गेलो नाही.